आज आठ वाजता कोण जाणार?

शिव शिव शिव! दिवेलागणीची वेळ, देवापुढे निरांजन, घरात लेकरंबाळं, आणि समोरच्या भिंतीवर चांगलं हातभर रुंद मढं! नाकात कापूस, अंगावर पांढरी चादर, भोवती टाहो फोडणारी पाच-सहा माणसं, आणि त्यांच्या पुढ्यात वरणभाताचं ताट घेऊन बसलेलो आपण. घासाला खंड म्हणून नाही. उलट पडद्यावरची नजर न काढता 'थोडं तूप वाढ गं' चालूच. खऱ्या मर्तिकाला जाऊन आलं तर दारातच पायावर पाणी, मग अंघोळ, मगच चहा, असल्या सोवळ्याची आपली माणसं. इथे मात्र आठवड्याला दोन-दोन प्रेतं बैठकीच्या खोलीत येऊन जातात आणि त्यांचा ना विटाळ, ना सुतक! कुठे नेऊन ठेवली आहे लाज?

देवळाली कॅम्पात तर या वेडाने हद्द केली आहे. तोफखान्याची शाळा आपल्या उशाशी. रेंजवर सराव सुरू झाला की तावदानं थरथरतात, फडताळातल्या कपबश्या किणकिणतात, आणि रेस्ट कॅम्प रोडवरचं कुत्रंसुद्धा मान वर करून बघत नाही. तोफेला न दचकणारं हे गाव! पण रात्री साडेआठला मालिकेतल्या सूनबाईच्या हातून पूजेचं ताट निसटलं, निरांजन विझलं आणि मागून 'धूऽऽम' वाजलं की अख्ख्या आळीच्या काळजाचा ठोका चुकतो. 'अगं बाई, गेला वाटतं!' हे वाक्य चार घरांतून एकदम ऐकू येतं. गेला म्हणजे कोण गेला, हे विचारणारा माणूस परगावचा समजावा.

हे सगळं बायकांचं खूळ आहे, असं पुरुषमंडळी म्हणतात. म्हणू देत. आमच्या आळीत एक निवृत्त सुभेदार आहेत. आवाज असा की गल्लीतली पोरं सावधान होतात. 'हे रडके प्रकार माझ्यासमोर लावायचे नाहीत' असा त्यांचा घरात हुकूम. म्हणून ते स्वतः मालिका बघत नाहीत. फक्त दाराच्या चौकटीला टेकून उभे राहतात. बसत नाहीत, कारण बसलं की बघितल्यासारखं होतं ना! गेल्या पावसाळ्यात एका नायिकेची आई वारली, तेव्हा सुभेदारसाहेब 'डोळ्यात चिलट गेलं' म्हणून मोरीकडे गेले. चिलटं बाकी फार शिस्तीची. बरोबर त्याच प्रसंगाला येतात.

आणि ते सॅनिटोरियमवाले? देवळालीची हवा चांगली म्हणून पिढ्यान्‌पिढ्या गुजराती, पारशी, सिंधी मंडळी हवापालटाला इथे येतात. पूर्वी यायची तेव्हा विचारायची, 'ताजं दूध मिळतं का? फिरायला जागा आहे का?' आता पहिला प्रश्न, 'टीव्हीवर सगळे चॅनल दिसतात ना?' फुप्फुसं मोकळी करायला आलेली माणसं संध्याकाळी टेम्पल हिलला पाठ फिरवून खोलीत हुंदके देत बसतात. जुन्या बंगल्यातल्या एका पारशी आजींना मराठी फारसं कळत नाही. पण मेलेला माणूस परत आला की त्यांना सगळ्यात आधी कळतं. 'आ तो पाछो आव्यो!' म्हणून त्या टाळी वाजवतात. भाषेवाचून काही अडत नाही, मरण सगळ्यांना समजतं म्हणतात ते असं!

आता मालिकेतलं मरण ओळखायचं कसं, हे आपल्यापैकी कुणाला शिकवायला नको. जे पात्र सकाळी उठून 'आज मी फार खूश आहे' म्हणालं, ते रात्रीचा भाग काढत नाही. ज्याने गाडीची किल्ली उचलून दारातून एकदा मागे वळून बघितलं, त्याच्या गाडीचे ब्रेक कुणीतरी आधीच कापलेले असतात. ज्याला मोठं गुपित कळलं आणि ज्याने ते फोनवर न सांगता 'घरी येऊन सांगतो' म्हटलं, त्याच्या फोटोला हार ऑर्डर करून ठेवावा. अरे बाबा, फोनवर सांगायला काय धाड भरली होती? पण नाही! एवढ्या वर्षांत एकाही पात्राला ही अक्कल आली नाही. हॉस्पिटलात डॉक्टर चष्मा काढून पुसायला लागला की संपलं. मालिकेतल्या डॉक्टरला दुसरं काम काय? चष्मा काढणे आणि 'आय ॲम सॉरी' म्हणणे.

आणि मेल्यावरची ती चैन! खऱ्या घरात माणूस गेला की दोन तासांत अर्धं गाव दारात. मालिकेत एक मरण आठवडाभर पुरवतात. सोमवारी फोन येतो. मंगळवारी फोन घेणाऱ्याच्या हातून फोन पडतो. बुधवारी सासूबाई जिना उतरतात. फक्त उतरतात, हं! गुरुवारी प्रत्येकाचा चेहरा तीन-तीनदा, एकदा रंगीत, एकदा काळापांढरा, एकदा हलता. कोपऱ्यात उभी असलेली मोलकरीणसुद्धा सुटत नाही. शुक्रवारी खलनायिका पदराआड हसते. आणि नेमका गुरुवारीच टीआरपीचा आकडा येतो म्हणे. आकडा चढला असेल तर पुढच्या रविवारी महाएपिसोड, एक तासाचा, त्यात श्वास परत चालू! मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं ही म्हण ज्याने काढली, त्याला आज वाहिनीवर मोठ्या पगाराची नोकरी लागली असती.

परत येणारी मंडळी मोजायला बसलो तर पहाट होईल. 'तुझ्यात जीव रंगला'मधला आपला राणादा आठवतो? गेला म्हणून सगळं कोल्हापूर रडलं, आणि मग तसाच्या तसा राजा राजगोंडा होऊन हजर! 'माझी तुझी रेशीमगाठ'मध्ये नेहा गेली, तर तिच्याच चेहऱ्याची अनुष्का आली. 'तुझेच मी गीत गात आहे'मध्ये वैदेही गेली, चिमुरड्या स्वराचं रडणं बघून आपल्या उशा भिजल्या, आणि पुढे त्याच चेहऱ्याची मंजुळा दारात! महाराष्ट्रात एका चेहऱ्याची किती माणसं आहेत हो? आधार कार्डवाल्यांना कळवायला हवं. 'सुख म्हणजे नक्की काय असतं'वाल्यांनी मात्र हिशेब चोख ठेवला. गौरी आणि जयदीप दोघांनाही धाडलं आणि पंचवीस वर्षांनी नित्या आणि अधिराज म्हणून पुन्हा जन्माला घातलं. नट तेच, नटी तीच, चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा एका जाहिरातीच्या वेळात उरकला! आणि 'तुला पाहते रे'? 2018 साली अर्ध्या महाराष्ट्राने विक्रांत सरंजामेवर जीव टाकला. साखरपुड्याच्या साड्या तशाच घेतल्या. मग कळलं की ईशा म्हणजे मागच्या जन्मीची राजनंदिनी, आणि राजनंदिनीला मारणारा हाच बाप्या! म्हणजे बाईने आपल्याच खुन्याशी दुसऱ्यांदा लग्न लावलं, आणि आपण अक्षता टाकल्या. काय बोलायचं?

पण या सगळ्यांचे आजोबा म्हणजे अण्णा नाईक. 'रात्रीस खेळ चाले' 2016 साली सुरू झाली ती अण्णांच्या मरणापासून. माणूस पहिल्याच भागात गेलेला! सिंधुदुर्गातल्या आकेरीच्या वाड्यात पोरंसोरं, सुना, भावकी जमली, अंत्यविधी व्हायचे आणि जमिनीचा वाद उकरायचा. मालिकेने मरणाकडे बघण्याची एवढी प्रामाणिक सुरुवात क्वचितच केली असेल. प्रेत ओसरीवर आणि सातबारा सगळ्यांच्या मनात, हे आपल्याकडचं अगदी खरं चित्र. पण प्रेक्षकांना काय हवं होतं? अण्णा! मग 2019 मध्ये काळ मागे फिरवला, माधव अभ्यंकरांचे अण्णा जिवंत केले, शेजारी शेवंता उभी केली, आणि गाव वेडं झालं. 2021 मध्ये तिसरा भाग, त्यात दोघंही भुतं! मेल्यावर इतकं काम एखाद्या नटाला क्वचितच मिळालं असेल. त्या वाड्यासमोर सेल्फी काढायला लोक सहली नेत होते. आपल्याही आळीतून कोकणदर्शनाला गेलेली मंडळी देवळांचे फोटो दोन दाखवतात आणि वाड्याचे वीस. शेवंतेच्या नावाने नाक मुरडणाऱ्या काकूंच्या मोबाईलमध्ये तर स्वतंत्र अल्बम आहे.

बरं, हा दोष आजकालच्या लेखकांचा म्हणून तरी कसा टाकायचा? मूळ तर नाशिकचंच! त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 1913 साली देशातला पहिला मोठा चित्रपट काढला, आणि विषय कुठला घेतला? राजा हरिश्चंद्र! म्हणजे पोटचा पोरगा मेलेला, आई त्याला कवटाळून स्मशानात, बाप तिथेच चाकरीला, आणि शेवटी देवकृपेने पोरगा उठून बसलेला. पुढच्याच वर्षी काय, तर सत्यवान सावित्री. तिथेही नवरा परत! आपल्या पडद्यावर माणूस मेला की उठणारच, हे शंभर वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्याच्या सुपुत्राने ठरवून दिलं आहे. एकता कपूर फार नंतरच्या.

त्यांचं तरी काय विसरायचं? 2001 साली 'क्योंकि सास भी कभी बहू थी'मधला मिहीर वीराणी गेला तेव्हा देवळालीतल्या गुजराती घरांत चूल पेटली नाही म्हणतात. आता यात तिखटमीठ किती, ते तुम्ही ठरवा. पण देशभर हलकल्लोळ झाला हे खरं, आणि निर्मात्यांना मिहीरला परत आणावं लागलं, हेही खरं. लोकांनी मोर्चे काढून पुलाचे खड्डे बुजत नाहीत, पण मेलेला नवरा परत मिळतो! पुढे नट बदलला, आधी इंदर कुमार आणि मग रोनित रॉय मिहीर झाला, आणि त्याच्या बायकोसकट, तुलसीसकट, आपण सगळ्यांनी तो निमूट पदरात घेतला. 2025 मध्ये मालिका पुन्हा आली तर जुना अमर उपाध्यायच मिहीर. म्हणजे एकच नवरा, तीन चेहरे, एक मरण आणि पंचवीस वर्षं. खऱ्या संसारात इतका फिरता नवरा कुणी खपवून घेईल का?

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते त्या पांढऱ्या साडीने. माणूस गेल्याची बातमी आली की पुढच्याच दृश्यात सगळं खानदान कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत! एवढ्या पांढऱ्या साड्या या घरात आधीपासून घडी करून ठेवलेल्या असतात की काय? कुणाच्या मापाच्या, कुणाच्या भरवशावर? मराठी घरात मर्तिकाला कोण पांढरं नेसतं हो? हाताला लागली ती साडी, खांद्यावरून पदर, बस्स. जुन्या काळी ब्राह्मण घरांतल्या केशवपन केलेल्या विधवेच्या नशिबी आलवण यायचं, तेही तांबडं. ही शुभ्र फॅशन हिंदी मालिकांनी आणली आणि मराठीने कसलीही चौकशी न करता नेसली. त्यावर कडी म्हणजे बांगड्या फोडण्याचा सोहळा, आणि तोही संथ गतीने, काचेचा तुकडा न्‌ तुकडा दिसेल असा. इकडे कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये ठराव केला, की आमच्या गावात विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. शिरोळ तालुक्यातल्या एका गावाला जे जमलं, ते गोरेगावच्या फिल्मसिटीला अजून उमगत नाही. वाहिन्यांसाठी वेगळी ग्रामसभा बोलवायची का?

आणि दहावं? तेरावं? ते कुठे गेलं? इथून नाशिकचं रामकुंड अर्ध्या-पाऊण तासावर. देशभरातून माणसं अस्थींचा कलश घेऊन तिथे येतात. रामाने दशरथाचं श्राद्ध तिथेच केलं अशी श्रद्धा. घाटावर जरा बसून बघा. मुंडण केलेला मुलगा, पिंड, दर्भ, कावळ्याची वाट बघत ताटकळलेले पाहुणे, 'त्यांना बिडी आवडायची, बिडी ठेवा' म्हणणारा एखादा मित्र, दक्षिणेवरून चाललेली कुजबुज. नाशिक जिल्ह्यातल्या खेड्यांत तर दशक्रियेला प्रवचन असतं आणि मागोमाग पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं. गेलेल्या माणसापेक्षा येणाऱ्या निवडणुकीचा उल्लेख जास्त! केवढा नाट्यमय ऐवज आहे हा, हसवणारा आणि रडवणारा. मालिकेला यातलं काहीच नको. तिला फक्त टाहो हवा. टाहो संपला की सोमवारी हळदीकुंकू.

'ठरलं तर मग'चंच घ्या. आपण सगळे बघतो, मान खाली घालायचं कारण नाही. विलासचा खून झाला, आळ बिचाऱ्या मधुभाऊंवर आला, अर्जुनने वकिली पणाला लावली, तारखांवर तारखा पडल्या, साक्षीदार फुटले, पुरावे सापडले आणि हरवले. आपण सायलीसाठी झुरलो, मधुभाऊंसाठी नवस बोललो. पण विलास? तो विलास कोण होता हो? त्याला आई होती का? त्याच्या नावाने कुणी घास काढून ठेवला का? एवढा मोठा खटला ज्याच्या मरणावर उभा राहिला, त्याच्यासाठी आपल्यापैकी किती जणांनी एक टिपूस गाळलं? म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो म्हणतात. इथे काळाबरोबर आपणही सोकावलो.

'देवमाणूस'ची तर गोष्टच सोडा! वाईजवळच्या खऱ्या खून प्रकरणाची आठवण करून देणारी ही मालिका. खोटा डॉक्टर, एकामागून एक गायब होणाऱ्या बायका, जमिनीत पुरलेली प्रेतं. आणि आपण काय बघत होतो? सरू आजीच्या म्हणी! म्हातारी तोंड उघडून काय बोलते आणि आपण ते घरात पोरांसमोर कसं म्हणायचं, याचीच चर्चा. खून पडले की आपण उठून पाणी पिऊन यायचो, सरू आजी आली की पळत परत.

याउलट हसवणाऱ्यांची जात बघा. रडवायचं तर त्यांनीच! 'चला हवा येऊ द्या'मध्ये तासभर धुडगूस, साड्या नेसलेले पुरुष, टवाळी, आणि मग सागर कारंडेचा पोस्टमन सायकल घेऊन यायचा. अरविंद जगतापांनी लिहिलेलं पत्र उलगडायचा. कुठे शेतकऱ्याच्या घरातलं, कुठे सैनिकाच्या. ना धूम, ना तीनदा चेहरा, माणूस नुसता उभा राहून वाचतोय. आणि समोर सिनेमाच्या जाहिरातीला आलेले तारे नाक पुसायला लागलेले. आपलं तर विचारूच नका. पोट धरून हसण्याची तयारी करून बसलेल्या माणसाला असं बेसावध गाठणं म्हणजे शुद्ध फसवणूक आहे! आणि या फौजी गावात सैनिकाचं पत्र म्हणजे काही करमणुकीचा ऐवज नव्हे. इथे अशी घरं आहेत, जिथे ती बातमी खरोखर आली होती. सैनिकाचं पत्र वाचलं त्या दिवशी सुभेदारसाहेबांनी चिलटाचं नाव काढलं नाही. चौकट सोडली आणि आत येऊन बसले.

'तारक मेहता'वाल्यांनी तर निराळीच शक्कल काढली. गोकुळधाममध्ये मरणच नाही! 2008 पासून पोपटलालचं लग्न नाही तसं कुणाचं मर्तिक नाही. डॉक्टर हाथींचं काम करणारे कवी कुमार आझाद 2018 मध्ये गेले, नट्टू काकांचे घनश्याम नायक 2021 मध्ये गेले. मालिकेत मात्र दोघंही राहिले, दुसरे चेहरे घेऊन. दयाबेन 2017 पासून माहेरी. एवढ्या दिवसांच्या माहेरपणावर सासूने काय काय ऐकवलं असतं! पण जेठालाल वाट बघतोय आणि आपणही.

आता गंमत ऐका. जगाने टीव्हीवर देवळाली पाहिली आहे, माहीत आहे ना? बीबीसीने 1974 ते 1981 अशी सात वर्षं 'इट एन्ट हाफ हॉट मम' नावाची विनोदी मालिका दाखवली. दुसऱ्या महायुद्धाचा शेवट, तोफखान्याची नाटकमंडळी, बायकांचे झगे घालून नाचणारे गोरे शिपाई, आणि सुरुवातीचं ठिकाण आपली देवळाली! लिहिणाऱ्यांपैकी जिमी पेरी स्वतः इथल्या तोफखान्याच्या कलापथकात होता. शूटिंग अर्थात विलायतेतच. घरी नेणाऱ्या बोटीची वाट बघत इथे खितपत पडलेले गोरे सोजिर इतके बहकायचे, की डोकं फिरलेल्या माणसाला इंग्रजीत आपल्याच गावाचं नाव चिकटलं. त्या वेळच्या सोजिरांना मालिका नव्हत्या. असत्या तर बोट आली तरी हलले नसते.

तर त्या मालिकेत रंगीराम नावाचा हिंदी नोकर होता. काम करणारा मायकल बेट्स गोराच, तोंडाला रंग फासलेला. त्यावरून आज त्या मालिकेवर टीका होते, आणि व्हायलाच हवी. पण 1978 मध्ये बेट्स वारला तेव्हा त्यांनी काय केलं? दुसरा नट आणला नाही, जुळा भाऊ आणला नाही, दरीत पाडला नाही. रंगीराम त्यानंतर दिसला नाही, एवढंच. आपल्याकडे असतं तर? रंगीरामचं तेरावं महाएपिसोडमध्ये, आणि पुढच्या आठवड्यात संसरी नाक्यावर त्याच्यासारखा दिसणारा गंगाराम!

पण आपल्याकडेही कधीतरी पडद्यामागचं मरण पुढे येतंच. 'ठरलं तर मग'च्या पूर्णा आजी, ज्योती चांदेकर, ऑगस्ट 2025 मध्ये गेल्या. त्या रात्री देवळालीत कितीतरी घरांत लोक खरोखर गप्प झाले होते. रोज साडेआठला घरात येणारी म्हातारी होती ती. पुढे त्या खुर्चीत रोहिणी हट्टंगडी आल्या. बाई तोलामोलाच्या, तक्रारीला जागा नाही. तरी पहिले काही दिवस आपण आजीचा आवाज शोधत होतो. पोरं म्हणाली, 'अगं, तीच आहे ती.' आपण म्हटलं, 'हो, तीच.'

असो. दुःख फार झालं, आता आपलं उघडं करू. मालिकांना नावं ठेवणारे आपण खऱ्या मर्तिकात काय करतो? नाक्यानाक्यावर 'भावपूर्ण श्रद्धांजली'चे फ्लेक्स, त्यात गेलेले काका गॉगल लावून आणि खाली वीस शोकाकुल पुतणे घडीच्या मोबाईलसकट. स्टेटसला फोटो आणि मागे सनईचं रडगाणं. परवा एका घरी भेटायला गेलो, तर सूनबाई पांढराशुभ्र सलवार-कुर्ता घालून जिन्याच्या मधल्या पायरीवर! जिना उतरायचा होता, मोजून उतरली. कॅमेरा तेवढा नव्हता. आणि सुतकात टीव्ही लावायचा नाही, हा नियम सगळ्यांनी पाळला. खरंच पाळला. टीव्हीवर चादर, आणि आतल्या खोलीत तीन जावा एका मोबाईलला चिकटून, आवाज बंद करून. भेटायला आलेल्या मावशी आधी डोळ्याला पदर लावतात, 'फार चांगला माणूस होता हो' म्हणतात, आणि निघता निघता हळूच, 'कालचा भाग बघायला मिळाला नाही गं, पुढे काय झालं?' यावर रडून रडून सुजलेली लेक नाक ओढत पंधरा मिनिटं सविस्तर सांगते. घाटावर कावळा शिवेना म्हणून खोळंबलेले पुरुष काय करतात, हे तर लिहायलाच नको. एकाच्या मोबाईलवरून नेमका त्याच वेळी 'धूऽऽम' ऐकू आला आणि कावळा उडाला, असं कळतं.

काय हा जमाना! काय हा निर्लज्जपणा! यावर खरं तर अजून दोन पानं लिहिता येतील, पण घड्याळात आठ वाजत आले आहेत आणि आज एकाचे ब्रेक कापलेले आहेत. तेव्हा वाचकहो, एकच विनंती. आठ ते साडेनऊ आम्हाला फोन करू नका. आणि कुणी खरोखरच गेलं असेल, तर जाहिराती लागल्यावर कळवा.